राखून ठेवलेली ताकद : टर्बो इंजिनाच्या ‘ट्यून’चा इतिहास

१/ १९६५ साली अमेरिकेतील ओल्डस्मोबील कंपनीने आपल्या काही ग्राहकांपुढे एक विलक्षण प्रस्ताव ठेवला : तुमच्या गाडीतील टर्बोचार्जर काढून त्या जागी साधा कार्ब्युरेटर बसवून देतो. गाडीचे नाव जेटफायर. अवघ्या ३ वर्षांपूर्वी हीच गाडी टर्बोच्या जोरावर बाजारात आली होती. विकलेली ताकद कंपनीला परत काढून घ्यावीशी का वाटली, हे आज टर्बो गाडीला ‘स्टेज वन’ ट्यून करून घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

२/ इंजिनाची ताकद मुळात हवेवर ठरते. इंधन हवे तितके ओतता येते, परंतु ते जाळायला लागणारी हवा सिलिंडरच्या आकारमानापलीकडे मावत नाही. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ साली या मर्यादेवर तोडगा मांडून पेटंट मिळवले. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवायचे, आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. अशा दाबून भरलेल्या जादा हवेलाच पुढे ‘बूस्ट’ हे नाव रूढ झाले.

३/ कल्पना कागदावर सोपी होती, पण तप्त वायूत टिकून राहील असे चक्र घडवण्यात पुढची दोन दशके गेली. दरम्यान महायुद्धात विमानांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला : उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिन दुबळे. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा अभियंता सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी जातीचे विमान-इंजिन ट्रकवर चढवून कोलोराडोतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेले. सपाटीवर हे इंजिन ३५० अश्वशक्ती देत असे. शिखरावर टर्बोविना ते २३० वर उतरले. टर्बो जोडताच ३५६ वर गेले.

४/ या आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मॉसच्या टर्बोने इंजिनाला जादा काहीच दिले नव्हते, शिखराने हिरावलेले तेवढे परत केले होते. मोटारीची गोष्ट निराळी. ती सपाटीवरच धावते, तिथे हवा पुरेशी असतेच. त्यात आणखी हवा कोंबली की इंजिन त्याच्या घडणीत न धरलेल्या दाबाखाली येते. टर्बो मोटारीच्या ट्यूनिंगचा सारा इतिहास येथून सुरू होतो.

५/ त्या दाबाचा पहिला परिणाम म्हणजे नॉकिंग. सिलिंडरमध्ये प्लगची ठिणगी पडली की ज्वाला एका बाजूने पसरत जाते. दाब आणि उष्णता अतिरेकी असतील तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप एकदम पेटते. त्या धक्क्याचा धातूवर टकटक असा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, इंजिन ठोकतंय. थोडा वेळ हे चालले तर आवाजापुरते. अधिक चालले तर रिंगा तुटतात, पिस्टनच्या कडा वितळतात.

६/ त्यावरचा पहिला मोठा उतारा इंधनात शोधला गेला. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत थॉमस मिजली याला असे आढळले की टेट्राएथिल लेड किंचित मिसळले की नॉकिंग थांबते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे ते बनवणारे ५ कामगार शिशाच्या विषबाधेने दगावले. तरीही शिसे जगभरच्या पेट्रोलमध्ये अनेक दशके राहिले. भारतातून ते पूर्णपणे हटले २००० साली. ठोकणारे इंजिन शांत करण्याची किंमत इंजिनाबाहेरच्यांनी मोजली, असे घडण्याची ही पहिली वेळ. शेवटची नव्हे.

७/ आता पुन्हा जेटफायरकडे. साडेतीन लिटरचे हलके ॲल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन, टर्बोसह २१५ अश्वशक्ती. बूस्ट फार नव्हता, वातावरणाच्या दाबाच्या एकतृतीयांशाएवढाच. परंतु इंजिनाचे मूळ कॉम्प्रेशनच १०.२५ इतके उंच होते. त्यामुळे नॉकिंग टाळण्यासाठी अभियंत्यांनी गाडीत एक निराळी टाकी बसवली. तिच्यात पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण. बूस्ट चढला की ते हवेबरोबर आत फवारले जाई आणि सिलिंडर थंड ठेवी. या द्रवाचे बाजारी नाव होते ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’.

८/ टाकी रिकामी झाली तर? अभियंत्यांनी त्याचाही विचार केला होता : द्रव संपताच एक झडप मिटून बूस्ट रोखला जाई. व्यवस्था चोख होती, गृहीतक चुकले. ग्राहक टाकी भरायला विसरत. मग गाडी मंदावली की ती बिघडली असे समजून विक्रेत्याच्या दारात येत. दोन वर्षांत दहा हजारांपेक्षाही कमी जेटफायर बनल्या. आजच्या भाषेत बोलायचे तर गाडीचा ‘ट्यून’ उत्तम होता. तो मालकाच्या शिस्तीवर उभा होता, आणि तेवढाच आधार कच्चा होता.

९/ बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये उलटा मार्ग धरला. ‘२००२ टर्बो’मध्ये कॉम्प्रेशनच ६.९ पर्यंत उतरवले. २ लिटरमध्ये १७० अश्वशक्ती मिळाली, परंतु टर्बो जागा होईपर्यंत गाडी सुस्त आणि मग एकाएकी उसळणारी. पुढच्या स्पॉयलरवर ‘टर्बो’ हा शब्द उलट्या अक्षरांत होता, म्हणजे पुढच्या चालकाला आरशात सुलटा दिसावा. त्यावर जर्मनीत गदारोळ झाला, आणि पाठोपाठ तेलसंकट आले. १,६७२ गाड्यांवर उत्पादन थांबले.

१०/ तोवर ‘ट्यूनिंग’ हे स्क्रू-ड्रायव्हरचे काम होते. आपल्याकडच्या गॅरेजात आजही जुन्या पिढीला ट्यूनिंग म्हटले की कार्ब्युरेटर साफ करणे, प्लगची गॅप पाहणे, टायमिंग जुळवणे हेच आठवते. जगभर तसेच होते. त्यात एकच उणीव होती : चालत्या इंजिनाच्या आत त्या क्षणी काय घडते आहे हे कोणालाच ठाऊक नसे. कारागीर कानावर विसंबे. महामार्गावर काचा बंद असताना कान काय ऐकणार!

११/ मग इंजिनालाच कान बसवण्यात आला. नॉक-सेन्सर हे ब्लॉकवर बसवलेले, कंपन टिपणारे छोटे उपकरण. ब्युइकने १९७८ च्या टर्बो गाड्यांत ते वापरले : ठोका ऐकू आला की ठिणगी किंचित उशिरा पाडायची. स्वीडनच्या साब कंपनीने १९८२ मध्ये एपीसी या यंत्रणेने पुढचे पाऊल टाकले. ती बूस्टलाच हात घाली. इंधन चांगले असेल तर दाब वाढू द्यायचा, ठोका ऐकू येताच उतरवायचा. एकच गाडी निरनिराळ्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर सुखरूप चालू लागली. टर्बोला सर्वसामान्य कुटुंबाच्या गाडीत स्थान मिळाले त्याचे मोठे श्रेय पेर यिलब्राँड या अभियंत्याच्या या कामाला द्यायला हवे. शर्यतींच्या कौतुकात ते मागे पडते.

१२/ दुसरा बदल १९७९ चा. बॉशची मोट्रॉनिक यंत्रणा बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये आली आणि इंधन व ठिणगी दोहोंचा कारभार एकाच संगणकाकडे गेला. त्याच्या स्मृतीत तक्ते असत. आडव्या ओळीत इंजिनाची गती, उभ्या ओळीत त्यावरचा भार, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा : या क्षणी ठिणगी किती अंश आधी पाडायची. या तक्त्याला ‘मॅप’ म्हणतात. ट्यूनिंगचे काम स्क्रूवरून आकड्यांवर सरकले ते असे.

१३/ आकड्यांत किती बळ दडले आहे हे दाखवले फॉर्म्युला वनने. पॉल रोशे याच्या हाताखाली घडलेले बीएमडब्ल्यूचे १.५ लिटरचे टर्बो इंजिन १९६० च्या दशकारंभीच्या ‘बीएमडब्ल्यू १५००’ या घरगुती गाडीच्या बिडाच्या ब्लॉकवर बेतलेले होते. त्या गाडीची ताकद ८० अश्वशक्ती. जून १९८२ मध्ये डेट्रॉइटला नेल्सन पिके या इंजिनासह शर्यतीस पात्रच ठरला नाही. आठवड्याभराने माँट्रियलला तो जिंकला. १५ ऑक्टोबर १९८३ रोजी क्यालामीत तो विश्वविजेता झाला, आणि टर्बो गाडीने जिंकलेले हे चालकांचे पहिलेच विजेतेपद ठरले. प्रतिस्पर्धी अलाँ प्रोस्त दोन गुणांनी हरला. त्या दिवशी त्याच्या गाडीने दगा दिला तो टर्बोमुळेच.

१४/ १९८६ पर्यंत पात्रता फेरीसाठी बूस्ट वातावरणाच्या दाबाच्या पाच पटींहून वर गेला. इंजिन नक्की किती ताकद देते हे बीएमडब्ल्यूलाही मोजता आले नाही, कारण त्यांच्या डायनोचा काटा १२८० अश्वशक्तीवर संपत असे. अर्थात अशा इंजिनाचे आयुष्य काही फेऱ्यांचे. ‘फॅक्टरी ट्यून’ आणि ‘पूर्ण ताकद’ यांतील फरक दाखवणारे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

१५/ मग नियम आवळले गेले. १९८८ साली बूस्टवर २.५ बारची मर्यादा आणि शर्यतीसाठी केवळ १५० लिटर इंधन. त्या वर्षी मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. होंडाच्या इंधनात ८४ टक्के टोल्युइन होते. म्हणजे रंगकामात थिनर म्हणून वापरला जाणारा द्रव, नॉकिंगला दाद न देणारा. १९८९ पासून टर्बोवर बंदीच आली.

१६/ त्याच १९८९ मध्ये जपानमध्ये एक निराळे नाटक रंगत होते. रस्ते-अपघातांतील बळी वर्षाला दहा हजारांवर गेलेले. सरकारी दडपण वाढू लागताच मोटार कंपन्यांनी आपसांत ठरवले : कोणतीही गाडी २८० अश्वशक्तीहून अधिक जाहीर करायची नाही. निसानची स्कायलाइन जीटी-आर याच वर्षी आली. कागदोपत्री २८०, तिचेच इंजिन शर्यतीत साडेपाचशेच्या आसपास देत असे. बूस्टच्या नळीत एक बारीक छिद्राचा तुकडा अडकवलेला होता. तो काढला की दाब चढे. हे गुपित कसले, ते उघड आमंत्रणच होते. १९७३ मध्ये फुजी पर्वताच्या परिसरात सुरू झालेल्या एचकेएससारख्या ट्यूनिंग कंपन्यांची भरभराट या राखून ठेवलेल्या ताकदीवरच झाली. करार मोडला २००४ मध्ये, होंडाच्या ३०० अश्वशक्तीच्या लेजंडने.

१७/ युरोपात तोवर ‘चिप’चा धंदा रुजला होता. संगणकातील ईप्रॉम चिपच्या माथ्यावर काचेची खिडकी असे. तिच्यावर अतिनील प्रकाश टाकला की जुना मॅप पुसला जाई आणि नवा लिहिता येई. १९९० च्या दशकात डॅशबोर्डखालचा ओबीडी सॉकेट आला, तेव्हा चिप काढण्याचीही गरज उरली नाही. बिनटर्बोच्या इंजिनात आकडे बदलून फारसे हाती लागत नाही, कारण हवा तेवढीच राहते. टर्बोमध्ये मात्र हवाही आकड्यांच्या ताब्यात असते. म्हणून एखादा पार्टही न बदलता तिथे ताकद ठळकपणे वाढते.

१८/ चांगला ट्यूनर आजही काय करतो? गाडी डायनोवर चढवतो, बूस्ट थोडा वाढवतो, मिश्रण व ठिणगी जुळवतो, आणि नॉक-सेन्सर काय नोंदवतो ते प्रत्येक फेरीनंतर वाचतो. वाईट ट्यूनर दुसऱ्या गाडीची फाइल चढवून मोकळा होतो. कंपनीने ताकद राखून ठेवलेली असते ती खराब पेट्रोल, मे महिन्यातले ऊन, चुकलेली सर्व्हिसिंग आणि गिअरबॉक्सचे आयुष्य यांच्यासाठी. ट्यूनर ताकद निर्माण करत नाही. तो ही शिल्लक खर्चाला काढतो, आणि खर्च करताना जेटफायरच्या मालकाइतकेच विसरून चालत नाही.

१९/ परंतु मॅपमध्ये आणखी एक मर्यादा लिहिलेली असते : धुराची. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस बजावली. कंपनीच्या टर्बो-डिझेल गाड्यांचे सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचे ओळखी, तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवी आणि रस्त्यावर येताच दुसरे आकडे वापरी. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. गल्लीतल्या ट्यूनरवर जो आरोप होतो, तेच काम येथे कारखान्यात झाले होते.

२०/ या प्रकरणाचा एक धागा पुण्यात येतो. एआरएआय या तेथील वाहन-संशोधन संस्थेने कंपनीच्या डिझेल गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून तपासल्या, तेव्हा उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. रस्त्यावरील चाचणीचे निकषच भारतात नाहीत, सबब नियमभंग झालेला नाही, अशी कंपनीची भूमिका होती. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला; पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. देशातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे त्यापूर्वीच जाहीर झाले होते. युरोपात २ लिटरच्या इंजिनासाठी कंपनीने सांगितलेली दुरुस्ती अशी होती : नवी फाइल चढवायची, वेळ सुमारे अर्धा तास.