नवापूरचे रान आणि ‘मराठीचा वर्ड्‌स्वर्थ’

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात १७९८ हे साल नवयुगाचा आरंभ म्हणून शिकविले जाते. त्या वर्षी वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह कवींच्या नावांवाचून प्रसिद्ध झाला. त्यात तेवीस कविता होत्या; एकोणीस वर्ड्‌स्वर्थच्या, चार कोलरिजच्या. पुढे या काळाला जे नाव मिळाले ते त्या कवींनी स्वतः घेतलेले नव्हते. समकालीन टीकाकारांनी त्यांना सरोवरप्रदेशाचे कवी म्हणून हिणवले. ‘रोमँटिक’ ही मोहोर नंतरच्या इतिहासकारांची. मराठीत हा शब्द आला तेव्हा आपण त्याचे भाषांतर कधी ‘स्वच्छंदतावाद’ असे केले, कधी ‘सौंदर्यवाद’ असे. दोन्ही शब्द आज पाठ्यपुस्तकांत नांदतात. परंतु त्यांचे अर्थ एक नाहीत. पहिल्या शब्दात बंधन झुगारण्याची खूण आहे. दुसऱ्यात ती पुसली गेली असून केवळ रमणीयता उरली आहे. हा फरक शब्दनिष्ठांच्या चर्चेपुरता नाही, असे आम्हांस वाटते. इंग्रजीतील त्या आरंभीच्या कवींपैकी काय आपल्यापर्यंत पोचले आणि काय वाटेतच गळाले, याचा माग त्या फरकातून काढता येतो. आणि तो काढावयाचा तर नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे ठिकाण फार सोयीचे आहे.

नवापूर सोयीचे अशासाठी की ज्या कवीला आपण ‘मराठीचा वर्ड्‌स्वर्थ’ म्हणत आलो त्या बालकवींनी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी, आपली पहिली कविता ‘वनमुकुंद’ वयाच्या तेराव्या वर्षी नवापूरच्या रानात लिहिली असे सांगितले जाते. त्यांचा जन्म १८९० चा, धरणगावचा. तेव्हा ही गोष्ट १९०३ च्या आसपासची. वडील पोलीस खात्यात. बदल्या होत, बिऱ्हाड हलत असे, आणि मुलाचे शिक्षण गावोगाव विखुरत गेले. तेव्हा खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा तर १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. ‘लिरिकल बॅलड्स’ला बरोबर दोनशे वर्षे झाली ते हे वर्ष. योगायोगाला अर्थ नसतो, पण वर्गात सनावळी पाठ करून घेणाऱ्या शिक्षकाला तो उपयोगी पडावा.

एक शंका येथेच उभी राहते. गावोगाव भटकणाऱ्या, शिक्षण अर्धवट राहिलेल्या या तेरा वर्षांच्या मुलापर्यंत वर्ड्‌स्वर्थ पोचला तरी कसा? आमचे उत्तर असे की नवापूरला तो पोचलाच नव्हता. ‘वनमुकुंद’ या शीर्षकाकडेच पाहावे. रानात त्या मुलाला मुकुंद आठवतो. म्हणजे रान त्याच्याकडे येते ते कृष्णकथेच्या, वृंदावनाच्या वाटेने. कीर्तन, पुराण, जुन्या मराठी कवितेची पाठांतरे हीच त्याची शिदोरी होती. इंग्रजी कवितेचे वारे त्याला लागले ते नंतर आणि परक्या हातांतून. त्या हातांत पहिला हात केशवसुतांचा.

कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत १९०४ मध्ये धारवाडला जाण्यापूर्वी खानदेशातच भडगाव आणि फैजपूर येथे शिक्षक होते. म्हणजे नवापूरला एक मुलगा पहिली कविता जुळवीत होता तेव्हा मराठी कवितेचे वळण बदलणारा माणूस त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मुलांना धडे देत होता. या दोघांना जोडणारा दुवा जळगावात होता: नारायण नरसिंह फडणीस यांचे ‘काव्यरत्नावली’ हे मासिक. १८८७ पासून निघणारे, केवळ कवितेला वाहिलेले हे मासिक जिल्ह्याच्या गावातून चालावे, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या चष्म्यातून लिहिलेल्या इतिहासांत जेवढी ठळक यावयास हवी तेवढी आलेली नाही. केशवसुतांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. हरि नारायण आपट्यांनी तो काढला १९१७ मध्ये, कवी जाऊन बारा वर्षे झाल्यावर. तोवर नव्या कवितेचा संसार मासिकांच्या पानांवरच चालला होता. १९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. तेथे सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांची कविता ऐकून अध्यक्ष कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली.

आता दुसरा हात, आणि तो अधिक लांबचा. इंग्रजी शिकलेल्या त्या पिढ्यांपर्यंत इंग्रजी भावकविता पोचली ती मुख्यतः एका संग्रहाच्या द्वारे. फ्रान्सिस पॅलग्रेव्ह यांचा ‘गोल्डन ट्रेझरी’ १८६१ मध्ये निघाला आणि हिंदुस्थानातल्या शाळा-महाविद्यालयांत पुढे कित्येक पिढ्या तो वाचला गेला. त्याच्या चार भागांपैकी शेवटच्या भागाला वर्ड्‌स्वर्थचे नाव शोभेल असे संपादक स्वतःच म्हणतात, आणि सर्वाधिक कविताही वर्ड्‌स्वर्थच्याच आहेत. हे सर्वांना ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते असे की या चाळणीला फार बारीक भोके होती. पॅलग्रेव्ह यांना गीत हवे होते. निर्यमक छंदातील कविता गीताच्या स्वभावाशी विसंगत म्हणून त्यांनी सरसकट वगळल्या. त्यामुळे ‘टिंटर्न ॲबी’ गेली. लांब कथाकाव्य नको म्हणून कोलरिजचा वृद्ध नावाडी गेला. आणि विल्यम ब्लेक? १७८९ मध्ये, फ्रान्समध्ये क्रांती झाली त्याच वर्षी, ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ स्वतः कोरून छापणारा, लंडनच्या धुराड्यांत उतरणाऱ्या पोरांना कवितेत आणणारा तो कारागीर पहिल्या आवृत्तीत नव्हताच.

म्हणजे ‘लिरिकल बॅलड्स’ ज्या कवितेने सुरू होतो ती नाही, ज्या कवितेने संपतो तीही नाही, आणि या साऱ्यांचा पूर्वसूरी नाही. अशा संग्रहातून ज्याने वर्ड्‌स्वर्थ वाचला त्याच्या मनात फुले, पक्षी, झरे आणि एकांत यांचाच कवी उभा राहिला तर नवल कसले? अगदीच अन्याय नको म्हणून सांगतो की सायमन ली हा म्हातारा शिकारी त्यात आहे. परंतु वेडी आई, गतिमंद मुलगा आणि त्याच्यासाठी रात्रभर झुरणारी माउली, काटेरी झुडपाशी बसून रडणारी बाई, ही माणसे घराबाहेरच राहिली.

आणि ही माणसे तर त्या आरंभीच्या कवितेचा जीव होती. वर्ड्‌स्वर्थ १७९१-९२ मध्ये क्रांतीच्या फ्रान्समध्ये राहून आला होता. १७९७ मध्ये समरसेट परगण्यात तो आणि कोलरिज रात्री-अपरात्री नदीकाठी हिंडतात, टिपणे काढतात, हे पाहून सरकारने त्यांच्यावर एक गुप्तहेर सोडला. फ्रेंचांना सामील असावेत असा संशय! हेराला काही सापडले नाही. निसर्गकवी म्हणजे निरुपद्रवी प्राणी, ही समजूत त्या काळच्या गृहखात्याची नव्हती एवढे मात्र त्यावरून कळते. १८०० च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत वर्ड्‌स्वर्थने जे मांडले ते त्या काळात तसेच धाडसाचे होते: कवितेचा विषय साध्या, ग्रामीण जीवनातून घ्यावा आणि तिची भाषा माणसे खरोखर बोलतात त्या भाषेच्या जवळची असावी.

मराठीत या दोन बाजू दोन कवींत वाटल्या गेल्या असे आमचे मत आहे. माणसाची बाजू केशवसुतांनी घेतली. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ १८८८ ची, ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ पुढल्या वर्षीची, ‘तुतारी’ १८९३ ची. हा स्वच्छंदतावाद होय. निसर्गाची बाजू बालकवींकडे आली आणि तिला पुढे सौंदर्यवाद म्हटले गेले. पण ती वर्ड्‌स्वर्थची होती का?

वर्ड्‌स्वर्थच्या निसर्गाला स्मृतीवाचून अस्तित्व नाही. डॅफोडिल्सची फुले त्याने बहीण डॉरथीसह पाहिली १५ एप्रिल १८०२ रोजी, डॉरथीने ती दैनंदिनीत टिपली, आणि कविता लिहिली गेली १८०४ मध्ये. दोन वर्षांचे हे अंतर हाच त्या कवितेचा खरा विषय आहे. बालकवींच्या ‘फुलराणी’त किंवा ‘निर्झरास’मध्ये असे अंतर नाही. तेथे सारे आत्ता घडते. कळी ही मुलगी असते, किरण हा नवरदेव असतो, आणि सांगणाऱ्याला त्यात रूपक वाटतच नाही. ही दृष्टी वर्ड्‌स्वर्थपेक्षा ब्लेकच्या निरागस गीतांना जवळची. आणि ब्लेक तर ‘ट्रेझरी’च्या दाराबाहेर ठेवलेला! तेव्हा ‘मराठीचा वर्ड्‌स्वर्थ’ या बिरुदाने बालकवींचा गौरव झाला की त्यांची ओळख झाकली गेली, याचा विचार शिक्षकांनी करावा. पुढे ‘पारवा’, ‘खेड्यातील रात्र’ या कवितांत त्यांच्यावर जी काळोखी उतरते तिच्यासाठीही वर्ड्‌स्वर्थचे माप अपुरे पडते. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

‘औदुंबर’ पाहा. आठ ओळींच्या या कवितेवर मराठीत जेवढी शाई खर्ची पडली तेवढी क्वचितच दुसऱ्या लघुकवितेवर पडली असेल. दृष्टी लहानसे गाव, शेतमळे, पायवाट असे करीत एका काळ्या डोहापाशी येते. आणि तेथे पाण्यात पाय सोडून बसला आहे तो औदुंबर. गाव आहे पण गावकरी नाही, पायवाट आहे पण वाटसरू नाही. माणसासारखा बसलेला एकटा वृक्ष. ‘श्रावणमासा’त माणसे आहेत, गाणारे गोप आहेत, देवदर्शनाला निघालेल्या स्त्रिया आहेत, परंतु त्या चित्रातल्या शोभेच्या आकृती आहेत.

नवापूरच्या रानात १९०३ साली माणसे नव्हती काय? भिल्ल होते, मावची होते, गावित होते. १८७८ च्या वनकायद्याने रान राखीव होऊ लागले होते, आणि ज्यांचे पोट त्यावर चाले त्यांना आपल्याच रानात चोरासारखे वागावे लागत होते. छप्पनचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९०० चा, सरून तीनचारच वर्षे झाली होती. हवालदाराच्या मुलाला यातले काही कानावर आले नसेल असे समजणे कठीण. कवितेत ते नाही.

हा आरोप म्हणून आम्ही मांडीत नाही. तेरा वर्षांच्या मुलाकडून वनखात्याचा अहवाल कोणी मागत नाही, आणि कवितेत काय नाही एवढ्यावरून कवितेचा निकाल लावणे हा टीकेचा सोपा मार्ग आहे. मार्जरी लेव्हिन्सन यांनी १९८६ मध्ये ‘टिंटर्न ॲबी’ची अशीच झडती घेतली होती: वाय नदीकाठचे लोखंडाचे कारखाने कोठे गेले, मठाच्या पडक्या भिंतींत राहणारे भिकारी कोठे गेले? त्यावर पुष्कळ वाद झाला. तरी एक फरक राहतोच. निराधार भटक्यांची शंका वर्ड्‌स्वर्थच्या मनाला निदान चाटून जाते. रानातून वर चढणारा धूर पाहून तो क्षणभर त्यांचा विचार करतो. आपल्याकडे तो धूर दिसण्यासाठी आठ दशके जावी लागली.

१९८७ मध्ये वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह आला. सोनवणे शहादा तालुक्यातले, भिल्ल समाजातले, शहाद्याच्या श्रमिक चळवळीत वाढलेले. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेत, ज्यांच्या दुःखाविषयी भाषणे चालली आहेत ते मंचाखाली बसलेले आहेत. सोनवण्यांना कोणी खानदेशचा वर्ड्‌स्वर्थ म्हटलेले नाही, आणि म्हणूही नये. पण १८०० च्या प्रस्तावनेतील दावा खानदेशात कोणी पुरा केला असे विचारले तर आम्ही त्यांच्याकडे आणि बहिणाबाई चौधरींकडे बोट दाखवू. कोलरिजने १८१७ मध्ये ‘बायोग्राफिया लिटरारिया’त आपल्या मित्राला सुनावले होते की खेडुताची भाषा शुद्ध करून घेतल्यावर ती खेडुताची उरतच नाही. आक्षेप बिनतोड आहे. मात्र खेडूत स्वतःच कवी असण्याची शक्यता त्यात धरलेली नाही. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने टिपून घेतल्या, आणि त्यांचे पुस्तक निघाले १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. नंदुरबारची महाविद्यालये आज ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याला २०१८ पासून त्यांचेच नाव आहे.

त्या महाविद्यालयांतल्या कुठल्याही वर्गात मावची, पावरी, भिली, अहिराणी घरी बोलणारी मुले बसलेली असतात. त्यांना डॅफोडिल म्हणजे काय हे चित्र काढून समजावावे लागते. त्यात काही वावगे नाही, आम्हीही तसेच शिकलो. परंतु प्रस्तावनेतला बोलभाषेचा मुद्दा त्यांना चित्रावाचून कळतो. घरची भाषा कवितेत चालते की नाही, हा प्रश्न त्यांनी शाळेच्या पहिल्या दिवसापासून सोसलेला असतो. तेव्हा या मुलांसमोर १७९८ उघडताना आरंभ फुलांपासून करण्याऐवजी त्या गुप्तहेरापासून, काटेरी झुडपाजवळच्या बाईपासून करून पाहावा. आणि ‘औदुंबर’ त्यानंतर वाचावी. नवापूरच्या मुलांना पाण्यात पाय सोडून कोण बसते ते ठाऊक असते.