तुमच्या जिवाचा दर कोण ठरवतं?

मागच्या महिन्यात मी टर्म प्लॅन घेतला. लोकलमध्ये उभ्या-उभ्या, मोबाइलवर. वय किती, तंबाखू खाता का, आईवडिलांना शुगर आहे का, असं विचारून अ‍ॅपने हप्ता सांगितला. तेव्हा मनात आलं, माझे खापरपणजोबा मुंबईत विमा घ्यायला गेले असते तर? त्यांना तंबाखूच्या आधी एक गोष्ट नडली असती. ते हिंदुस्थानी होते.

1818 साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली. भारतातली ही पहिली आयुर्विमा कंपनी, पण साहेबलोकांसाठी. घरापासून हजारो मैल लांब आलेला साहेब तापाने गेला, तर बायकामुलांनी खायचं काय? प्रश्न खराच होता. आपल्या घरांतही तोच होता, पण आपल्याला दार बंद.

पुढे काही कंपन्या हिंदुस्थानी माणसाचा विमा उतरवायला लागल्या, तेव्हा हप्ता 15 ते 20 टक्के जादा! का? तर हे लोक लवकर मरतात. आता, पटकी होती, देवी होती, दुष्काळ होते, हे खोटं नाही. आणि धोका मोजणं हाच विम्याचा धंदा. पण दोन वेळ जेवणारा धडधाकट कारकून आणि दुष्काळातला उपाशी माणूस एकाच तागडीत घालायचे, याला मी मोजणं म्हणणार नाही.

1870 मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटी उभी राहिली. तिने हिंदुस्थानी माणसालाही नेहमीचाच दर लावला. 'म्युच्युअल' म्हणजे विमेदार हेच मालक. आपली भिशी असते ना, तसंच काहीसं. फक्त इथे आपला नंबर लागू नये असंच प्रत्येकाला वाटतं.

दराचं कोडं सुटलं, भरवशाचं राहिलं. आज हप्ता भरायचा आणि वीस वर्षांनी बायकोला पैसे मिळतील असं मानायचं; पण तोवर पेटी कुणाच्या हातात? स्वदेशीच्या लाटेत भराभर कंपन्या निघाल्या, काही बुडाल्याही. डिसेंबर 1955 मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत दालमियांच्या भारत इन्शुरन्समधला गैरव्यवहार उघड केला. विमेदारांचा पैसा मालकाच्या सट्ट्यात गेला होता. पुढे दालमिया तुरुंगात गेले.

19 जानेवारी 1956. रेडिओवर अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, आपल्या रायगडचे. आयुर्विमा सरकार ताब्यात घेतंय, असं त्यांनी जाहीर केलं. 245 देशी-विदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र झाल्या आणि 1 सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली.

माझ्या आजोबांनी 1961 साली पाच हजारांची पॉलिसी घेतली. गिरणीत होते. आजीला ती उधळपट्टी वाटायची. नऊ वर्षांनी ते गेले. त्या पैशांतून शिलाई मशीन आलं आणि माझ्या आईची शाळा सुटली नाही.

तीच आई परवा माझ्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून स्वतःचं नाव बघून चिडली. "कसलं अभद्र लिहितोस रे? खोड ते आधी." मी म्हटलं, "अगं, ऑनलाइन आहे, खोडता येत नाही." खरं तर येतं. मी खोडलं नाही.