विस्तृत दीप्तिपल्ल्याच्या चलच्चित्रांचे पुनर्संकेतन

दृश्यातील अतिमंद व अतितेजस्वी भाग एकाच वेळी स्पष्ट दिसतील अशा रीतीने नोंदविलेल्या चलच्चित्रास विस्तृत दीप्तिपल्ल्याचे चलच्चित्र (एचडीआर व्हिडिओ) म्हणतात. अशा चलच्चित्राची संकुचित फाइल उलगडून ती कमी जागेत मावेल अशा रीतीने पुन्हा संकेतबद्ध करण्याच्या क्रियेस पुनर्संकेतन म्हणतात. डोळ्यास जे जाणवत नाही ते वगळावयाचे, हे या तंत्राचे मूलतत्त्व होय.

३,८४० × २,१६० चित्रबिंदूंचे, दर सेकंदास २४ चौकटींचे व १० बिटांचे चलच्चित्र, त्यातील रंगविषयक माहिती आधीच कमी करूनही, असंकुचित स्वरूपात दर सेकंदास सु. २९९ कोटी बिट व्यापते. अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकडीवरून मात्र सेकंदास याच्या लहानशा अंशाइतकेच बिट वाचता येतात. संकोचनाची आवश्यकता यावरून स्पष्ट होते.

संकोचनाचा गणितीय पाया नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या पद्धतीने घातला. तीत चित्राच्या लहान चौकोनी खंडातील ठळक व सूक्ष्म बदल वेगळे होतात. सूक्ष्म बदलांची मूल्ये स्थूलमानाने नोंदवून जागा वाचविता येते. लगतच्या चौकटींतील साम्यावरून पुढील चौकटीचे अनुमान करण्याची युक्ती तिला जोडून १९८८ मध्ये एच.२६१ हे मानक तयार झाले. त्यानंतर एमपेग-२ (१९९५), एच.२६४ (२००३) व एचईव्हीसी (२०१३) ही मानके आली. यांपैकी शेवटचे मानक साधारण तेवढ्याच गुणवत्तेसाठी एच.२६४ च्या सु. निम्म्या बिटांत काम भागविते. त्यामुळे जुन्या फाइलींचे पुनर्संकेतन किफायतशीर ठरले.

जुन्या दूरचित्रवाणीची संकेतपद्धती ऋण किरण नलिकेच्या गुणधर्मांवर बेतलेली होती व तीत संदर्भ दीप्ती दर चौ. मी. ला सु. १०० कँडेला धरीत. २०१४ मध्ये ‘सोसायटी ऑफ मोशन पिक्चर अँड टेलिव्हिजन एंजिनिअर्स’ या संस्थेने एसटी २०८४ हे मानक प्रसिद्ध केले. डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर आधारलेला त्यातील वक्र १०,००० कँडेलांपर्यंतची दीप्ती दर्शवू शकतो. बीबीसी व जपानची एनएचके यांनी सामान्य संचांशीही जुळेल असा दुसरा वक्र सिद्ध केला. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने दोन्ही वक्र बीटी.२१०० या शिफारशीत समाविष्ट केले.

अशा चलच्चित्रांच्या पुनर्संकेतनात विशेष दक्षता घ्यावी लागते. ८ बिटांत २५६, तर १० बिटांत १,०२४ मूल्ये दर्शविता येतात. एवढा मोठा पल्ला ८ बिटांत बसविल्यास सायंकाळच्या आकाशासारख्या मंद छटांच्या भागात पट्टे उमटतात. वक्र व रंगपल्ला कोणता, हे सांगणारी सोबतची माहिती गळाल्यास चित्र फिकट व निस्तेज दिसते. काही पद्धतींत सोबतची काही माहिती प्रत्येक दृश्यागणिक बदलते. तीही जपावी लागते.

चित्रपटाच्या फिल्मवरील कण हा आणखी एक प्रश्न होय. त्यांची रचना चौकटीगणिक बदलत असल्याने अनुमानाची युक्ती तेथे निष्फळ ठरते. एव्ही१ (२०१८) या मानकात कण काढून टाकून केवळ त्यांचे वर्णन साठविण्याची व चित्र दाखविताना तसेच कण कृत्रिम रीतीने निर्माण करण्याची सोय आहे. जागा वाचते, परंतु प्रेक्षकास दिसणारे कण मूळ फिल्मवरील नसतात.

संकोचनात एकदा वगळलेला तपशील नंतरच्या कोणत्याही पद्धतीने जसाच्या तसा परत मिळत नाही. शिवाय प्रत्येक पुनर्संकेतनात आधीच्या दोषांत नव्या दोषांची भर पडते. आज डोळ्यास न जाणवणारा फरक उद्याच्या अधिक तेजस्वी पडद्यावर उघड होऊ शकतो. म्हणून पुनर्संकेतित फाइल ही वापराची प्रत समजावी व मूळ फाइल जतन करावी, हे अभिलेखागारांच्या दृष्टीने श्रेयस्कर ठरते.