एका सुताचा फरक

मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. पस्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविला, आणि इतिहास म्हणजे राजे, लढाया व तह एवढीच माझीहि समजूत होती. ती मोडली एका ट्रकनें. आमच्या गांवच्या एका धान्यव्यापाऱ्याचा ट्रक ऐन सुगींत बंद पडला. दट्ट्यांची वरखाली होणारी चाल चक्राकार गतींत बदलणारा जो वांकडातिकडा दांडा, ज्यास क्रँकशाफ्ट म्हणतात, तो तुटला होता. शहरांतील जुन्या बाजारांतून, 'इंजिन तेंच, साल काय तें निराळें,' अशा हमीवर दुसरा दांडा आला. मिस्त्रीनें मापें घेतलीं आणि मान हलविली. ट्रक तीन आठवडे लिंबाखालीं उभा राहिला, आणि मी मात्र चौकशीला लागलों कीं, नांव एक असतां हे दांडे एकमेकांस कां चालूं नयेत?

मोटारीचे भाग अदलाबदलीनें बसूं शकतात, हें १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलँड्स येथें लोकांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालें. रॉयल ऑटोमोबाइल क्लबाच्या देखरेखीखालीं तीन कॅडिलॅक गाड्या पार सुट्या करून त्यांच्या भागांची सरमिसळ केली. प्रत्येक गाडीचे भाग ७२१. त्यांतून ८९ भाग बाजूस काढून त्यांच्या जागीं सांठ्यांतले नवे घेतले, पुन्हा तीन गाड्या जुळविल्या आणि प्रत्येक ५०० मैल पळविली. कानस मारून भाग बसविण्याच्या त्या काळांत हा चमत्कारच. कॅडिलॅकला ड्यूअर करंडक मिळाला तो याचसाठीं.

पण त्या गाड्या एकाच घडणीच्या होत्या. सालें बदललीं म्हणजे काय होतें, तें पाहण्यास फोर्डचें आठ सिलिंडरांचें इंजिन घ्यावें. तें १९३२ सालीं निघालें. दट्ट्याची धांव पावणेचार इंच, दांड्याच्या मुख्य टेंकूंची जाडी दोन इंच. १९३९ सालीं त्याच घराण्यांतली मर्क्युरी गाडी आली. धांव तीच, पण टेंकू अडीच इंच जाड! बाहेरून पाहाणारास दोन्ही इंजिनें भावंडेंच वाटावींत. पण एकाचा दांडा दुसऱ्याच्या घरांत जशाचा तसा बसावयाचा नाहीं. १९४८ पर्यंत एका कोपरावरील दोन कनेक्टिंग रॉडांत मिळून एकच मोकळें फिरणारें बेअरिंग असे. १९४९ पासून प्रत्येक रॉडाला स्वतःचें आलें. म्हणजे दांडा बदलतांना रॉड व बेअरिंगें यांचेंहि गोत्र पाहावें लागे.

खरी मौज १९४९ सालची आहे. मर्क्युरीची धांव चार इंच झाली, फोर्डची पावणेचारच राहिली. पण टेंकूंचें माप दोहोंत एकच होतें. कॅलिफोर्नियांतील कोरड्या तलावांच्या पात्रांत जुन्या गाड्या भरधांव सोडणाऱ्या तरुणांच्या हें ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. मर्क्युरीचा दांडा फोर्डमध्यें कांहींहि न तासतां बसे, आणि २३९ घनइंचांचें इंजिन २५५ चें होई. ज्यांच्याजवळ मोठ्या कारखान्याचें भांडवल नव्हतें, त्यांस भंगाराच्या अड्ड्यावर शक्ति विकत मिळूं लागली.

मात्र इथें एक सापळा होता. धांव पाव इंचानें वाढली म्हणजे कोपर मध्यापासून निम्म्यानें, अष्टमांश इंचानें, दूर गेलें. आमचे सुतार ज्याला एक सूत म्हणतात तेवढें. रॉडाची लांबी तीच, तेव्हां दट्ट्या वरच्या टोंकास एक सूत अधिक चढणार. जुनाच दट्ट्या ठेवला तर तो झांकणावर आदळण्याची भीति! म्हणून मर्क्युरीचा दट्ट्याहि घ्यावा लागे. त्यांतील पिनेचें भोंक तेवढेंच वर सरकविलेलें होतें. शिवाय दट्ट्यांचीं वजनें बदललीं कीं दांड्याचा तोल पुन्हा साधणें आलेंच. ज्यांनीं हें मनावर घेतलें नाहीं त्यांचीं इंजिनें थरथरत.

१९५३ नंतर अमेरिकेंतील फोर्ड गाड्यांतून हें इंजिन गेलें, तरी मर्क्युरीच्या त्या दांड्यांचा शोध हौशी लोक पुढेंहि घेत राहिले. आमच्या व्यापाऱ्याला अखेर त्याच सालचा दांडा मिळाला, पण तोंवर सुगी सरली होती. तो फसवा दांडा मिस्त्रीच्या दुकानाबाहेर पडून आहे. पोरें त्यावर बसून बोरें खातात.