बैल, कोळसा, डिझेल, वीज: लातूर रोडपर्यंतचा प्रवास

गाडी ओढायला ताकद कुठून येते? आज हा हिशोब आपल्या चाकूर तालुक्यातल्या लातूर रोड स्टेशनपर्यंत लावू.

आधी बैलगाडी. तिचं इंधन म्हणजे कडबा, आपल्याच रानातला. पण दुष्काळात कडबाच संपायचा. म्हणजे बाहेरून धान्य आणायची खरी गरज असायची, तेव्हाच गाड्या थांबायच्या.

मग कोळसा आला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, एका आसावर भार जास्तीत जास्त ५ टन. त्यामुळे रूळ हलके, खर्च कमी. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला.

गोची एकच. कुर्डुवाडीला माल उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागायचा. ट्रक मात्र थेट दारातून माल उचलायचा, आणि १९४८ पासून राज्यात एसटीही धावू लागली. माल आणि माणसं रस्त्यावर गेली. आता बघा, लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला घर्षण फार कमी. तेवढाच माल तेवढाच लांब न्यायला ट्रकला रेल्वेपेक्षा कितीतरी जास्त इंधन लागतं. म्हणजे सोयीची किंमत आपण डिझेलमध्ये मोजली.

लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज २००८ पर्यंत झालं, पुढे मिरजेपर्यंतही. त्याचं मोल एप्रिल २०१६ मध्ये कळलं. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, जवळपास त्याच जुन्या मार्गानं. पहिल्या खेपेला १० वॅगन, ५ लाख लिटर. म्हणजे एका वॅगनमध्ये ५० टन पाणी! कॅलथ्रॉपच्या नियमात चार आसांची अख्खी वॅगन पाण्यासकट २० टनांच्या वर जाऊच शकत नव्हती.

ती गाडी डिझेलवर आली होती. मुंबईत पहिली विजेची रेल्वे धावली १९२५ मध्ये. मध्य रेल्वेचा विजेविना उरलेला शेवटचा तुकडा होता औसा रोड ते लातूर रोड, ५२ किलोमीटर. तो पूर्ण झाला फेब्रुवारी २०२३ मध्ये. ९८ वर्षं लागली, आणि रांगेत शेवटी आपणच!

तारेतली बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे, हे खरं. पण उद्या ती सोलरची झाली तरी इंजिन बदलावं लागणार नाही. आधीच्या प्रत्येक बदलात गाडीच बदलावी लागली होती.

तुमच्या आजोबांनी बार्शी लाइटनं प्रवास केला असेल, तर आज त्यांना विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!