बंदुकीच्या दस्त्याचे लाकूड : जातीइतकेच मुरणे महत्त्वाचे

विदर्भात उत्तम लाकूड म्हटले की सागवान आठवते. मेळघाटच्या जंगलांचे सान्निध्य लाभलेल्या या भागात घराच्या चौकटीपासून पलंगापर्यंत सागाला पहिला मान मिळतो. त्यामुळे नांदुऱ्यासारख्या गावातील एखाद्या परवानाधारकाला जुन्या रायफलीचा तडकलेला दस्ता नव्याने हाताने घडवून घ्यायचा असेल, तर सागाचेच नाव पुढे येणे स्वाभाविक आहे. या कामात मात्र सागाला मर्यादा आहेत. शिवाय लाकूड कोणत्या जातीचे, याइतकाच ते किती मुरलेले आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

दस्त्याचे काम

गोळी सुटताना बसणारा धक्का दस्ता झेलतो व खांद्यापर्यंत पोहोचवतो. मुठीजवळ तो सर्वांत बारीक असल्याने तडा बहुधा तेथेच जातो. ऐन वेळी तेथे मोडलेला दस्ता नेमबाजाला इजा करू शकतो. दुसरा धोका सहज लक्षात येत नाही. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. त्यानुसार ते आडव्या दिशेने फुगते वा आकसते. नळीवरील दाब त्यामुळे बदलतो आणि नेम सरकतो. पूर्णेच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो व हवा कोरडी होते; पावसाळ्यात तीच हवा दमट होते. मे महिन्यात नेमका बसलेला दस्ता ऑगस्टमध्ये नळीला दाबू लागतो, तो यामुळेच.

अक्रोड आणि त्याचे पर्याय

जगभर दस्त्यासाठी अक्रोडाला पसंती मिळाली. त्याचे वजन मध्यम, म्हणजे घनमीटरला साधारण ६०० ते ६५० किलो असते. ते धक्का सोसते, बारीक कोरीव कामात तुटत नाही आणि मुरल्यावर फारसे हलत नाही. भारतात ते काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडातून येते.

अक्रोड पुरेसे नसेल तेथे कारखान्यांनी दुसरे लाकूड घेऊन त्याच्या उणिवा भरून काढल्या. थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने स्थानिक मऊ लाकूड वापरताना धक्का बसणाऱ्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने लाकूड फाटू नये म्हणून पुढच्या भागात आडवा स्क्रू घातला. जर्मनीने बीचचे पातळ थर चिकटवून दस्ते तयार केले.

आपल्याकडील लाकडे

साग कमी आकसतो, ही त्याची जमेची बाजू. पण अचानक बसणाऱ्या धक्क्याला तो अक्रोडाइतका चिवट नाही व तंतूंच्या दिशेने फाटू शकतो. अंगच्या तेलकटपणामुळे त्यावर सरसही नीट धरत नाही. शिसव मजबूत व देखणे असते. मात्र त्याचे वजन घनमीटरला ८०० किलोंच्या वर जाते. अवजारांचे दांडे व बैलगाडीची चाके यांसाठी नावाजलेली बाभूळ चिवट असली तरी जड असते व घाईने वाळवल्यास तडकते. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण त्याला कीड लवकर लागते. अक्रोड मिळत नसेल आणि वजन चालणार असेल, तर चांगले मुरलेले शिसव हा समाधानकारक पर्याय होय.

फळीची पारख

फळी गाभ्याची असावी. सालीलगतचा पांढरा भाग टाळावा. गाठ, पीळ किंवा टोकाची चीर असलेली फळी घेऊ नये. तंतू मुठीच्या उताराबरोबर वाहिले पाहिजेत. ते तेथे आडवे तुटत असतील तर तडा ठरलेलाच. नक्षीदार रेषा मागच्या रुंद भागात शोभतात, मुठीत नव्हेत.

उघड्या हवेत सावलीत वाळवताना जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष धरण्याचा प्रघात आहे. दस्त्याची फळी दोन ते अडीच इंच जाड असल्याने किमान दोन वर्षे लागतात. टोकांना मेण किंवा रंग लावल्यास चिरा पडत नाहीत. दरमहा वजन करून नोंद ठेवावी. वजन स्थिरावल्यानंतरच करवत लावावी. घडवण्यापूर्वी फळीने गावातील एक उन्हाळा व एक पावसाळा पाहिलेला असावा.

तेल आणि कायदा

विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल हाच दस्त्याचा जुना लेप. ते पातळ थरांत चोळावे आणि नळीच्या खोबणीत व मागच्या टोकालाही लावावे. ओलावा तेथूनच अधिक शिरतो. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून त्या पसरून वाळवाव्यात.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीच्या निर्मितीला व दुरुस्तीला परवाना लागतो. त्यामुळे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. साग, बिजा, हळदू, तिवस यांच्या तोडीवर राज्याच्या १९६४ च्या कायद्याचे नियंत्रण असल्याने वखारीतून पावती घ्यावी.

पावती हाती आली तरी फळी लगेच सुताराच्या पाटावर जाऊ नये. दोन वर्षे वाट पाहण्याची तयारी नसेल, तर महागडे अक्रोडही पहिल्याच पावसाळ्यात नेम चुकवील.