कळफलकावरची वर्णमाला

देवनागरी टंकलेखनयंत्र अक्षराकडे केवळ आकार म्हणून पाही. ‘किती’ लिहिताना त्यावर आधी वेलांटी उमटे, मग क. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक प्रमाण ठरवला आणि हा क्रम उच्चारानुसार झाला: आधी क, मग वेलांटी. स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. क-ख, ग-घ, त-थ, प-फ या जोड्या एकेका कळीवर. शिफ्ट दाबली की अल्पप्राणाचा महाप्राण होतो. जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त. प्राचीन ध्वनिविचार असा बोटांपर्यंत आलेला आम्हांला अन्यत्र दिसला नाही. (ऑगस्ट ड्वोरॅक यांच्या १९३६ च्या इंग्रजी कळफलकातही स्वर डावीकडेच आहेत, पण तेथे हेतू बोटांचे श्रम वाचवण्याचा.) गुजराती, बंगाली लिप्यांचा क-देखील त्याच कळीवर सापडतो.

‘विंडोज २०००’मध्ये हा कळफलक मराठीसाठी उपलब्ध झाला, तरी आमचे बहुतेक विद्यार्थी रोमन अक्षरांतूनच मराठी लिहितात. इनस्क्रिप्ट हाताला बसायला वेळ लागतो, हे खरेच. परंतु प्रश्न सोयीपुरता नाही. रोमन ‘एन’ दाबून आलेल्या पर्यायांतून ‘पाणी’ निवडणारा विद्यार्थी न आणि ण यांतला निर्णय यंत्रावर सोपवतो. इनस्क्रिप्टमध्ये न स्वतंत्र कळीवर आहे, ण म-च्या कळीवर शिफ्टसह. तेथे शब्द आधी स्वतःच्या कानाने ऐकावा लागतो.